हेझ, वुडी
(१४ फेब्रुवारी १९१३ – १२ मार्च १९८७). अमेरिकन फुटबॉल या खेळाचा प्रख्यात प्रशिक्षक. संपूर्ण नाव वेन वुड्रो हेझ. ओहायओ राज्यातील हायस्कूलच्या मैदानावर सुरू झालेली त्याची कारकीर्द त्याच राज्याच्या विद्यापीठात २८ हंगाम चालली आणि एका सामन्यातील काही क्षणांच्या वर्तनाने संपुष्टात आली. महाविद्यालयीन सामन्यांत त्याच्या संघांनी एकूण २३८ विजय मिळविले. ७२ सामने गमावले व १० बरोबरीत सोडविले. प्रशिक्षक हा प्रथम शिक्षक असतो, अशी त्याची धारणा होती. त्याच्या यशाचे मर्म या धारणेत होते आणि त्याच्या अपयशाचे मोजमापही अखेर याच कसोटीवर झाले.

खेळ व प्रशिक्षकाचे स्थान : अमेरिकन फुटबॉल हा जगात इतरत्र फुटबॉल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाहून अगदी वेगळा आहे. तो रग्बीपासून विकसित झाला असून त्यात लंबगोल चेंडू हातात घेऊन पळण्याला व फेकण्याला महत्त्व असते. प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू असतात. आक्रमक संघास चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जावे लागते. ते साधल्यास पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू अंतिम रेषेपलीकडे नेल्यास टचडाउन होऊन सहा गुण मिळतात. दोन प्रयत्नांच्या दरम्यान खेळ थांबत असल्याने प्रत्येक चाल आधी ठरविता येते. त्यामुळे मैदानाबाहेर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाचा वाटा या खेळात मोठा असतो.

या खेळाची मुळे अमेरिकेच्या शिक्षणसंस्थांत आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो विद्यापीठांत वाढला व तेथून हायस्कूलांत पसरला. ईशान्य ओहायओतील खाणकामगारांच्या व पोलाद-कारखान्यांच्या गावांत शुक्रवारी संध्याकाळी होणारा हायस्कूलचा सामना हा साऱ्या गावाचा उत्सव असे. मॅसिलन व कँटन ही या खेळाची प्रसिद्ध केंद्रे याच भागात आहेत. व्यावसायिक संघांची पहिली मोठी संघटना १९२० मध्ये कँटन येथेच स्थापन झाली. अशा गावात फुटबॉलचा प्रशिक्षक हा बहुधा शाळेतील शिक्षकच असे. सकाळी तो वर्गात शिकवी आणि दुपारी मैदानावर. हेझची जडणघडण या वातावरणात झाली.

बालपण व शिक्षण : हेझचा जन्म ओहायओतील क्लिफ्टन या लहान गावी झाला. त्याचे वडील शाळांचे अधीक्षक होते. त्यांच्या नोकरीनिमित्त हे कुटुंब न्यूकमर्सटाउन येथे स्थायिक झाले व हेझचे शालेय शिक्षण तेथेच पार पडले. घरात वाचनाला मान होता. इतिहासाची, विशेषतः युद्धांच्या व सेनानींच्या इतिहासाची, त्याची आवड आयुष्यभर टिकली. ग्रॅनव्हिल येथील डेनिसन विद्यापीठातून इंग्रजी व इतिहास हे विषय घेऊन त्याने १९३५ मध्ये पदवी मिळविली. विद्यापीठाच्या संघात तो टॅकल म्हणजे आघाडीच्या फळीतील धडक घेणारा खेळाडू होता. पुढे ओहायओ राज्य विद्यापीठातून त्याने शैक्षणिक प्रशासन या विषयात पदव्युत्तर पदवी घेतली.

हायस्कूलमधील कारकीर्द : पदवीनंतर हेझने मिंगो जंक्शन या गावच्या हायस्कूलमध्ये शिक्षक व साहाय्यक प्रशिक्षक म्हणून एक वर्ष काम केले. त्यानंतर तो न्यू फिलाडेल्फिया येथील हायस्कूलमध्ये आला. हे गाव त्याच्या बालपणाच्या परिसरातीलच होते. तेथील मुख्य प्रशिक्षक जॉन ब्रिकल्स हा दुसरीकडे गेल्यावर १९३८ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, हेझकडे संघाची सूत्रे आली. पहिल्या दोन हंगामांत संघाने बहुतेक सर्व सामने जिंकले. १९४० च्या हंगामात मात्र बहुतेक सर्व गमावले. कडक शिस्त आणि अविश्रांत परिश्रम यांच्या बळावर सामान्य कुवतीचा संघही उभा करता येतो, हे या तीन वर्षांत त्याने पाहिले. याच शिस्तीचा अतिरेक झाल्यास काय घडते, याचाही अनुभव त्याला येथे आला.

नौदलातील सेवा : अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरण्यापूर्वीच, १९४१ च्या उन्हाळ्यात, हेझ नौदलात दाखल झाला. सेवेत असतानाच १९४२ मध्ये ॲन ग्रॉस हिच्याशी त्याचा विवाह झाला. पॅसिफिकमधील पलाऊ बेटांवरील चढाईच्या वेळी तो पीसी–१२५१ या गस्ती नौकेचा प्रमुख होता. नंतर ‘राइनहार्ट’ या युद्धनौकेचे आधिपत्य त्याच्याकडे आले. लेफ्टनंट कमांडर या हुद्द्यापर्यंत चढून १९४६ मध्ये तो परतला. जहाजावरील प्रत्येकाने आपले नेमून दिलेले काम चोख करावे व आज्ञेचा क्षणात अंमल व्हावा, ही नाविक सवय त्याच्या प्रशिक्षणपद्धतीत कायमची मुरली.

डेनिसन व मायॅमी : युद्धावरून परतताच त्याच्याकडे डेनिसन या त्याच्याच जुन्या विद्यापीठाचा संघ सोपविण्यात आला. पहिल्या हंगामात आठांपैकी सहा सामने त्याने गमावले. परंतु १९४७ व १९४८ या दोन्ही हंगामांत संघ अपराजित राहिला. १९४९ मध्ये तो ओहायओतीलच ऑक्सफर्ड येथील मायॅमी विद्यापीठात गेला. (फ्लॉरिडातील मायॅमी शहराशी या विद्यापीठाचा संबंध नाही.) तेथील दुसऱ्या वर्षी त्याच्या संघाने नऊ सामने जिंकले, एक गमावला व हंगामाअखेरच्या सॅलड बोल सामन्यात ॲरिझोना राज्य संघास ३४–२१ असे हरविले. अनेक नामवंत प्रशिक्षक घडविल्यामुळे मायॅमी विद्यापीठ ‘प्रशिक्षकांचा पाळणा’ म्हणून प्रसिद्धी पावले. तेथे हेझच्या हाताखाली काम केलेला आरा पार्सीगियन आणि खेळलेला बो शेंबेकलर हे दोघेही पुढे मोठे प्रशिक्षक झाले.

ओहायओ राज्य विद्यापीठ : कोलंबस येथील या विद्यापीठाचे घोड्याच्या नालाच्या आकाराचे भव्य क्रीडागार १९२२ मध्ये खुले झाले होते. विजयाची अपेक्षा तेथे इतकी तीव्र असे, की प्रशिक्षक फार काळ टिकत नसत. १९४० ते १९५० या काळात पाच जणांनी हे पद सोडले होते. १९५१ च्या फेब्रुवारीत हेझची नेमणूक झाली. पॉल ब्राउन या विख्यात प्रशिक्षकास परत बोलवावे, अशी अनेक क्रीडाप्रेमींची इच्छा होती. हेझचे पहिले वर्ष बेताचेच गेले. १९५२ मध्ये मिशिगन विद्यापीठाविरुद्ध २७–७ असा विजय मिळाला. १९४४ नंतर या प्रतिस्पर्ध्यावरील हा पहिलाच विजय असल्याने त्याचे आसन काहीसे स्थिर झाले.

१९५४ मध्ये संघाने दहाही सामने जिंकले. त्या वर्षी मिशिगनविरुद्धच्या सामन्यात प्रतिपक्षाला अंतिम रेषेच्या अगदी जवळ रोखून ओहायओच्या खेळाडूंनी तेथून सारे मैदान पार केले व टचडाउन नोंदविला. १ जानेवारी १९५५ रोजी पॅसाडीना येथील रोझ बोल सामन्यात दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा २०–७ असा पराभव करून त्यांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. त्या काळी हे पद वृत्तसंस्थांच्या मतदानाने ठरत असल्याने एका वर्षी दोन विद्यापीठांनाही ते मिळू शके. १९५४, १९५७, १९६१, १९६८ व १९७० या पाच वर्षांची अजिंक्यपदे हेझच्या संघांच्या नावावर मानली जातात. मध्य-पश्चिमेकडील विद्यापीठांच्या ‘बिग टेन’ या परिसंघाचे विजेतेपद त्याच्या संघांनी, एकट्याने किंवा विभागून, तेरा वेळा पटकाविले.

खेळपद्धती : चेंडू लांब फेकण्यात जोखीम असते, त्यापेक्षा तो हातात घेऊन पळणाऱ्या खेळाडूस आघाडीच्या फळीने वाट करून द्यावी व प्रत्येक प्रयत्नात थोडे थोडे पुढे सरकावे, असे हेझचे तंत्र होते. ‘तीन यार्ड आणि धुळीचा लोट’ या शब्दांत क्रीडालेखकांनी त्याचे वर्णन केले. वरकरणी नीरस भासणाऱ्या या पद्धतीमागे काटेकोर हिशेब होता. चार प्रयत्नांत दहा यार्ड गाठायचे असतील, तर प्रत्येक वेळी तीन-साडेतीन यार्ड पुरतात. मात्र त्यासाठी चूक एकाही खेळाडूकडून होता कामा नये. म्हणून मोजक्याच चाली तो शेकडो वेळा घोटून घेई. या पद्धतीत हॉवर्ड कॅसडी, आर्ची ग्रिफिन यांसारखे चेंडू घेऊन पळणारे खेळाडू चमकले. सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूस दिला जाणारा हाइझमन करंडक कॅसडीला १९५५ मध्ये मिळाला. ग्रिफिनला तो १९७४ व १९७५ असा लागोपाठ दोनदा मिळाला; दोनदा तो मिळविणारा दुसरा खेळाडू झालेला नाही.

शिक्षक म्हणून भूमिका : खेळाडू विद्यापीठात पदवीसाठी येतो, हे हेझ विसरू देत नसे. नवागत खेळाडूंना तो स्वतः इंग्रजी शब्दसंग्रहाचे धडे देई, त्यांच्या अभ्यासाची चौकशी करी आणि शिक्षण अर्धवट सोडून गेलेल्यांचा पिच्छा पुरवून त्यांना परत वर्गात बसवी. सामन्याची आखणी समजावताना तो सेनानींच्या मोहिमांचे दाखले देई. एमर्सनच्या निबंधांचा तो भोक्ता होता. स्वतःच्या वेतनवाढीविषयी तो उदासीन असे. १९६८ मध्ये रुडी हबर्ड या आपल्या माजी कृष्णवर्णीय खेळाडूस त्याने साहाय्यक प्रशिक्षक नेमले आणि १९७३ पासून कॉर्नेलियस ग्रीन या कृष्णवर्णीय खेळाडूकडे क्वार्टरबॅक या सूत्रधाराच्या जागेची जबाबदारी दिली. ओहायओ राज्य विद्यापीठात या दोन्ही गोष्टी प्रथमच घडत होत्या.

परंतु खेळाडूंविषयीची ही आस्था नियमांच्या चौकटीत नेहमी राहिली नाही. गरजू खेळाडूंना आपण स्वतःच्या पैशांतून मदत करतो, असे त्याने १९५५ मध्ये एका क्रीडासाप्ताहिकाच्या प्रतिनिधीस मोकळेपणी सांगितले. महाविद्यालयीन खेळाडू हौशी असावा, या तत्त्वाशी हे विसंगत असल्याने बिग टेन परिसंघाने १९५६ मध्ये विद्यापीठावर एक वर्षाचे निर्बंध लादले व त्या हंगामापुरता त्याचा रोझ बोलमधील प्रवेश रोखला. हौशीपणाची ही व्याख्या पुढे पार बदलली. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावलौकिकावर पैसे मिळविण्याची मुभा मिळाली, तर २०२५ मधील न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठेच त्यांना थेट मोबदला देऊ लागली.

१९६१ चे मतदान : शिक्षणसंस्थेत खेळाचे स्थान कोणते, हा प्रश्न १९६१ मध्ये उघडपणे पुढे आला. त्या हंगामात हेझचा संघ एकही सामना हरला नव्हता व त्याला रोझ बोलचे निमंत्रण आले होते. तथापि फुटबॉलच्या गाजावाज्यात विद्यापीठाचा विद्याविषयक लौकिक झाकोळतो, असे अनेक प्राध्यापकांचे मत होते. प्राध्यापक परिषदेने २८ विरुद्ध २५ अशा निसटत्या मताधिक्याने निमंत्रण नाकारले. कोलंबसच्या रस्त्यांवर विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. हेझला हा निर्णय पटला नाही. पण तो घेणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाविषयी आपल्याला आदर असल्याचे त्याने जाहीरपणे सांगितले. ओहायओऐवजी मिनेसोटाचा संघ पॅसाडीनाला गेला. जो पुढे सामनाधिकाऱ्यांचे निर्णय सहन करू शकला नाही, त्या हेझने आपल्या कारकीर्दीतील एक मोठी संधी हिरावून घेणारा निर्णय मात्र संयमाने स्वीकारला, ही बाब लक्षणीय आहे.

मिशिगनशी स्पर्धा : त्यानंतरची काही वर्षे मध्यम यशाची गेली. १९६६ मध्ये तर जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले अधिक होते. १९६८ मध्ये दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा भरणा असलेल्या संघाने सर्व सामने जिंकले. त्यांत मिशिगनविरुद्धचा ५०–१४ हा विजय आणि दक्षिण कॅलिफोर्नियाविरुद्धचा रोझ बोलमधील २७–१६ हा विजय यांचा समावेश होता. पुढील वर्षी मिशिगनने हेझच्याच तालमीत वाढलेल्या बो शेंबेकलरला प्रशिक्षक नेमले. शेंबेकलरने पहिल्याच सामन्यात २४–१२ असा विजय मिळवून ओहायओची सलग २२ विजयांची मालिका खंडित केली. १९६९ ते १९७८ या काळातील गुरुशिष्यांच्या या झुंजीला ‘दहा वर्षांचे युद्ध’ असे नाव पडले. त्यांत मिशिगनने पाच व ओहायओने चार सामने जिंकले आणि १९७३ चा सामना १०–१० असा बरोबरीत सुटला. १९७२ ते १९७७ या सहाही वर्षी परिसंघाच्या विजेतेपदात ओहायओचा वाटा होता.

स्वभाव व अखेर : हेझचा संताप सर्वश्रुत होता. सरावात तो टोप्या फाडी, घड्याळे आपटी. त्यांतील काही भाग खेळाडूंना धाक बसावा म्हणून केलेला अभिनय असे, तर काही खराखुरा. १९७१ मध्ये मिशिगनविरुद्धच्या सामन्यात पंचांच्या निर्णयावर चिडून त्याने मैदानाच्या कडेच्या खुणांची मोडतोड केली. १९७३ च्या रोझ बोलपूर्वी एका वृत्तपत्र-छायाचित्रकाराचा कॅमेरा त्याच्याच चेहऱ्यावर ढकलल्याचा आरोप त्याच्यावर झाला. १९७४ मध्ये त्याला हृदयविकाराचा झटका आला. तरी त्याने कामाचा वेग कमी केला नाही. १९७७ मध्ये दूरचित्रवाणीच्या कॅमेरामनवर त्याने हात उगारल्याबद्दल परिसंघाने त्याला ताकीद दिली. प्रत्येक वेळी त्याचे विजय त्याच्या बाजूने उभे राहिले आणि विद्यापीठाने प्रकरण मिटवून घेतले.

२९ डिसेंबर १९७८ रोजी फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथे गेटर बोल सामन्यात ओहायओची गाठ क्लेम्सन विद्यापीठाशी पडली. अखेरच्या मिनिटांत ओहायओचा संघ १५–१७ असा मागे असताना त्याच्या नवख्या क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू क्लेम्सनच्या एका खेळाडूने मध्येच झेलला. तो ओहायओच्या बाजूला मैदानाच्या कडेवर पडला असता हेझने त्याच्या गळ्याच्या भागावर प्रहार केला. हा प्रसंग दूरचित्रवाणीवरून देशभर दिसला. विद्यापीठाचा क्रीडासंचालक ह्यू हाइंडमन हा मायॅमीत हेझच्याच हाताखाली खेळलेला व पुढे त्याचा साहाय्यक झालेला होता. अध्यक्ष हॅरल्ड एनार्सन यांच्याशी विचारविनिमय करून दुसऱ्याच दिवशी त्याने हेझला बडतर्फ केले. विद्यार्थ्यावर, मग तो प्रतिपक्षाचा का असेना, शिक्षकाने हात उगारला होता. एरवी त्याला पाठीशी घालणाऱ्या विजयांचा येथे उपयोग नव्हता.

उत्तरायुष्य व मूल्यमापन : बडतर्फीनंतरही हेझ कोलंबस सोडून गेला नाही. विद्यापीठातील लष्करी शिक्षणाच्या इमारतीत त्याला एक लहान कार्यालय मिळाले. तेथे जुने खेळाडू त्याला भेटत. तो व्याख्याने देई व रुग्णालयांत जाऊन अपरिचित रुग्णांचीही विचारपूस करी. १९८३ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्मानदालनात त्याची निवड झाली. मार्च १९८६ मध्ये विद्यापीठाने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली आणि पदवीदान समारंभात भाषणासाठी पाचारण केले. आपल्यावर उपकार करणाऱ्यांची फेड क्वचितच करता येते. म्हणून ती पुढच्यांना मदत करून करावी, हे त्याचे आवडते सूत्र त्याने त्या वेळी मांडले. पुढील वर्षी कोलंबसनजीकच्या अपर आर्लिंग्टन येथे त्याचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी त्याचे मित्र, माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी श्रद्धांजलीपर भाषण केले.

हेझने हॉट लाइन टू व्हिक्टरी (१९६९) व यू विन विथ पीपल! (१९७३) ही पुस्तके लिहिली. त्याच्या हाताखालून शेंबेकलर व पार्सीगियन यांच्याखेरीज लू होल्ट्झ, अर्ल ब्रूस इ. प्रशिक्षक पुढे आले. त्यांपैकी ब्रूस हा त्याचाच उत्तराधिकारी झाला. विद्यापीठातील क्रीडाकेंद्र व क्रीडागारालगतचा रस्ता यांना त्याचे नाव देण्यात आले. राष्ट्रीय सुरक्षाविषयक अध्ययनासाठी त्याच्या नावे एक प्राध्यापकपदही निर्माण झाले. इतिहासाची पदवी घेऊन हायस्कूलमध्ये शिकवू लागलेल्या प्रशिक्षकाचे हे स्मारक अधिक समर्पक मानावे लागेल.

त्याची खेळपद्धती कालांतराने मागे पडली. त्याच्या कारकीर्दीने उभा केलेला प्रश्न मात्र मागे पडला नाही. विजयासाठी नेमलेल्या माणसाकडून शिक्षकाच्या आचरणाची अपेक्षा ठेवणारी संस्था ती अपेक्षा कधी बोलून दाखवते आणि किती काळ मुकी राहते, हा तो प्रश्न होय. १९६१ मध्ये विद्यापीठाने विजयापेक्षा विद्येचा मान मोठा मानला व हेझने तो मानला. १९७१ ते १९७७ या काळात दोघांनाही त्याचा विसर पडला. हेझचा दोष त्याचा स्वतःचा होता. तो वेळीच आवरण्याची जबाबदारी मात्र एकट्या त्याची नव्हती.